बोर्डाखाली काय घालायचं?

पाऊस लागून आठवडा झाला की माझ्या टेबलावर एकाच तऱ्हेचे बोर्ड यायला लागतात. वरून बघितले तर धडधाकट. कॅपॅसिटर फुगलेला नाही, आयसी फुटलेली नाही. उलटा केला की सोल्डरच्या बाजूला दिसतं: कोपऱ्यातल्या स्क्रूपासून जवळच्या पिनेपर्यंत, झाडाच्या मुळीसारखी फाटे फुटलेली काळी रेघ. बोर्ड आणणारा सांगतो, "रात्रपाळीपर्यंत चालू होता. सकाळी स्विच मारला आणि एमसीबी पडली."

या बोर्डाखाली काय होतं, असं मी विचारतो. उत्तरं ठरलेली असतात. काही नव्हतं. पुठ्ठा होता. टेप मारली होती. फोम चिकटवला होता.

भिवंडीत आता बोर्ड नसलेला कारखाना सापडणं कठीण. काही साध्या मागांवरसुद्धा ताण्याचा धागा तुटल्यावर माग थांबवणारं वार्प स्टॉप मोशन बसवलेलं असतं. रॅपियरवर फीडरचा बोर्ड, डॉबीचं कार्ड, ड्राइव्ह. मानकोली, काल्हेरच्या गोदामांत एलईडी दिवे, कॅमेरे, इन्व्हर्टर. यातला एखादा बोर्ड कधीतरी दुरुस्तीसाठी निघतो, जुनी पेटी गंजली म्हणून दुसऱ्या पेटीत जातो, आणि त्याच्याखाली लोखंडी पत्रा येतो. कंपनीतून आलेल्या पेटीत कुणीतरी विचार करून अंतर ठेवलेलं असतं, मध्ये शीट घातलेली असते. आपण पेटी बदलतो तेव्हा तो विचार आपल्याला करावा लागतो. मागमालक, जॉबर, कारखान्याचं वायरिंग बघणारे आणि आयटीआय करून नुकतं दुकान टाकलेले, या सगळ्यांसाठी हे लिहितो आहे.

माझी स्वतःची एक चूक आधी सांगतो. दुकान नवीन होतं तेव्हाची गोष्ट. एका कारखान्यातल्या पॉवर सप्लायचा बोर्ड मी दुरुस्त केला आणि नव्या पत्र्याच्या पेटीत बसवताना सुताच्या कोनचा खोका कापून पुठ्ठा खाली घातला. मे महिना होता. मीटर लावून बघितलं, बोर्ड आणि बॉडी यांच्यात काहीच दाखवत नव्हतं. जुलैच्या मध्यावर तो बोर्ड परत आला. पुठ्ठ्याचा एक कोपरा कोळसा झाला होता, आणि त्या पेटीवर हात ठेवलेल्या कामगाराला झटका बसला होता. पेटीचं अर्थिंग सुटलेलं होतं, हे खरं. पण बॉडीपर्यंत करंट नेला तो माझ्या पुठ्ठ्याने. कामगार बचावला. तेव्हापासून बोर्डाखाली काय घालायचं, हा माझ्यासाठी छोटा प्रश्न राहिलेला नाही.

पुठ्ठ्याने असं का केलं, ते भिवंडीच्या माणसाला चटकन कळेल. सुताच्या धंद्यात कापूस किती ओल धरतो याचा आकडा पाठ असतो: नेहमीच्या दमट हवेत कोरड्या वजनाच्या साडेआठ टक्के. पॉलिस्टर धरतं फक्त ०.४ टक्के. सूत तोलताना हा फरक आपण धरतो. बोर्डाखाली काही घालताना विसरतो. पुठ्ठा, कोरं कापड, लाकडाची पट्टी, साधा कागद हे सगळे कापसाच्याच कुळातले. उन्हाळ्यात मीटर त्यांना उत्तम इन्सुलेटर म्हणतो आणि पावसाळ्यात तेच तार होतात.

वार्प स्टॉप मोशन ज्याने उघडून साफ केलं आहे, त्याला शॉर्ट सर्किट वेगळं शिकवावं लागत नाही. ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर एक पातळ ड्रॉप पिन लटकते. धागा तुटला की ती खालच्या पट्टीवर पडते. पट्टीत दोन धातू, मध्ये इन्सुलेशन. पडलेल्या पिनेने दोन्ही धातू जोडले की कमी व्होल्टेजचं सर्किट पुरं होतं आणि माग थांबतो. हा आपणच घडवलेला, आपल्या उपयोगाचा शॉर्ट. पावसाळ्यात एकही धागा तुटलेला नसताना माग सारखा थांबू लागला, की जुना जॉबर बोर्डाला हात लावत नाही. आधी पट्टी काढून पुसतो. तिच्यावर रुई बसलेली असते आणि सायझिंगच्या खळीची भुकटी. खळ म्हणजे स्टार्च, आणि स्टार्च हवेतली ओल ओढून घेतो. त्या ओलसर थरातून करंट वाट काढतो. तिथे थोडेच व्होल्ट असतात, म्हणून माग थांबण्यावर भागतं. बोर्डाखाली तीच रुई, तीच खळ, तीच हवा असते, आणि व्होल्ट मात्र ३२५. घरगुती २३० व्होल्टची लाइन डायोडमधून गेली की कॅपॅसिटरवर एवढे होतात. थ्री फेजच्या ड्राइव्हमध्ये ५५० च्या पुढे.

म्हणून शीट निवडताना दुकानदार सांगतो तो आकडा, म्हणजे ही शीट किती हजार व्होल्ट थोपवते, याला मी फारसं महत्त्व देत नाही. जवळजवळ प्रत्येक प्लास्टिकची शीट आपल्याला लागतात त्यापेक्षा कितीतरी जास्त व्होल्ट आरपार जाऊ देत नाही. भिवंडीत करंट शीटला भोक पाडून जात नाही. तो शीटच्या पाठीवरून, कचऱ्याच्या ओल्या थरातून सरपटत जातो, जाताना प्लास्टिक जाळतो आणि मागे कोळशाची रेघ ठेवतो. एकदा ती रेघ पडली की हवा कोरडी झाली तरी वाट कायम. मुळीसारखी रेघ ती हीच.

या सरपटण्याला कुठलं प्लास्टिक किती टिकतं, याचं मोजमाप आहे. त्याला सीटीआय म्हणतात. नवसागराच्या पाण्याचे ५० थेंब दोन टोकांच्या मध्ये पाडत किती व्होल्टपर्यंत रेघ पडत नाही, ते त्यात बघतात. शीटच्या माहितीपत्रकात हा आकडा असतो. दुकानदाराकडे मागा. चांगल्या पॉलिप्रॉपिलीन शीटला ६०० असतो. बोर्ड ज्याचा बनतो त्या साध्या एफआर-४ ला बहुधा १७५ ते २४९ च्या गटातला. बॅकेलाइट म्हणजे आपलं हायलम त्याहून खाली. हायलम मजबूत, भोकं पाडायला सोपं, जुन्या पॅनलमध्ये वर्षानुवर्षं टिकलेलं. कोरड्या जागी मीही वापरतो. पण त्याच्यावर एकदा ठिणगी चालली की कोळसा पटकन धरतं. जळलेलं हायलम खरवडून पुन्हा बसवू नका, तुकडा टाकून द्या.

आता मी काय घालतो ते सांगतो. नव्वद टक्के कामांत पॉलिस्टरची फिल्म, पाव मिलिमीटर जाडीची. मोटार वाइंडिंगचं सामान मिळतं त्या दुकानात "मिलीनेक्स" म्हणून मागा. मोटारीच्या खाचेत कॉइलखाली घालतात तीच पांढुरकी, जराशी दुधी, वाकवली की टणक आवाज करणारी शीट. आपल्या मागावर बाण्याला चालतं त्या पॉलिस्टरच्या सुताचाच हा पदार्थ, फक्त सपाट पसरलेला. हे पॉलिस्टर १९४१ मध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन या दोघांनी मँचेस्टरच्या कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनमध्ये शोधलं, म्हणजे कापड छापणाऱ्यांच्या संस्थेत. कापडवाल्यांची वस्तू कापडवाल्यांच्या गावी कामाला येते, याचा मला आनंद वाटतो. १३० अंशांपर्यंत ती बिनघोर चालते. ओल धरत नाही. कात्रीने कापते.

त्याच दुकानात मिलीनेक्सशेजारी लेदराइड ठेवलेलं असतं, तपकिरी नाहीतर हिरवट, कागदासारखं. कधी दोन्ही एकावर एक चिकटवलेली शीट मिळते. लेदराइड न फाटण्यात फार चांगलं, पण ते कागदाच्याच कुळातलं. मोटारीत त्याच्यावर वार्निश चढतं, म्हणून तिथे चालतं. बोर्डाखाली वार्निशशिवाय घालू नका.

ड्राइव्ह किंवा मोठ्या पॉवर सप्लायखाली मी पॉलिप्रॉपिलीनची आग न धरणारी शीट घालतो. तुम्ही ती बघितलेली आहे. कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय उघडला की बोर्डाखाली कडा वर वळवलेली पातळ काळी किंवा पारदर्शक शीट दिसते. साफसफाईला उघडणारे ती बाजूला काढून ठेवतात, परत घालायला विसरतात, आणि "साफ केल्यावर उडाला" असा बोर्ड माझ्याकडे येतो. शीट घेताना तिच्यावर किंवा तिच्या कागदावर "व्ही-०" लिहिलेलं आहे का ते बघा. ज्योत काढून घेतल्यावर १० सेकंदांच्या आत विझते आणि जळते थेंब खाली टाकत नाही, असा त्याचा अर्थ. जिथे मागाखाली रुई साचते आणि शेजारी कापडाचे तागे रचलेले असतात, तिथे ही दोन अक्षरं मला व्होल्टपेक्षा मोठी वाटतात.

पॉलिकार्बोनेटची पारदर्शक शीट दिसायला देखणी, आरपार सगळं दिसतं, आणि ती वापरायलाही हरकत नाही. मात्र थिनर किंवा पेट्रोलने पुसायची सवय असेल तर ती घेऊ नका. तिला बारीक तडे जातात.

पिवळ्या कॅप्टॉन टेपबद्दल वेगळं सांगतो, कारण मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडून ती सगळीकडे पोचली आहे. सोल्डरिंगची उष्णता झेलण्यात तिला तोड नाही. पण बोर्डाच्या खालच्या अंगाला ती मारून बोर्ड पत्र्यावर ठेवणं म्हणजे धोका. टेपची फिल्म असते २५ मायक्रॉनच्या आसपास, आणि सोल्डरच्या बाजूची प्रत्येक पिन म्हणजे सुई. मागाच्या हादऱ्याने दोन महिन्यांत सुई आरपार जाते. शिवाय मघाच्या सीटीआयमध्ये ही फिल्म मागे पडते. काळी पीव्हीसी टेप उष्णतेत सरकते, तिचा गोंद बाहेर येतो आणि त्या गोंदाला रुई चिकटते. टेप वायरीसाठी ठेवा.

फोम आणि थर्माकोल दोन्ही वर्ज्य. ओल धरतात किंवा वितळतात, आणि पेटले की थांबत नाहीत. त्याहून वाईट गोष्ट म्हणजे नवीन कार्ड ज्यात गुंडाळून येतं ती चंदेरी पिशवी आणि पिना ज्यात खोचलेल्या असतात तो काळा फोम. मुलं बोर्ड तपासताना तीच पिशवी खाली पसरतात, "कंपनीनेच दिली आहे, सुरक्षित असणार" म्हणून. ती पिशवी धातूच्या थराची असते आणि काळ्या फोममध्ये कार्बन असतो. स्टॅटिक वाहून जावं म्हणून या दोन्ही वस्तू मुद्दाम करंट नेणाऱ्या केलेल्या असतात. त्यांच्यावर चालू बोर्ड ठेवू नका.

आणि तांब्याचा थर असलेला कोऱ्या बोर्डाचा तुकडाही शीट म्हणून घालू नका. हे सांगायची गरज नसावी, पण मी पेटीतून काढलेला आहे.

शीट दुसरी, अंतर पहिलं. बोर्ड शीटवर टेकवून बसवायचा नसतो. मध्ये हवा हवी. २३० व्होल्टच्या बोर्डाखाली मी १० मिलिमीटरचे स्पेसर लावतो, शीट पत्र्याला चिकटून, आणि तिच्यावर मोकळी हवा. सोल्डरच्या बाजूचे पाय आधी कापून दीड मिलिमीटरच्या आत आणतो. नंतर नखाने चाचपून बघतो, एखादा लांब राहिला तर बोटाला कळतो. स्पेसर नायलॉनचे की पितळेचे? मागावर नायलॉनचे हादऱ्याने मोडतात, मी पितळेचे घेतो आणि स्क्रूच्या डोक्याखाली, बोर्डाच्या दोन्ही बाजूंना नायलॉनचा वॉशर घालतो. भोकाच्या अगदी जवळून ट्रॅक जात असेल तिथे पितळ नको, नायलॉनच लावा आणि वर्षाने बदला.

इथे एक सावधगिरी आहे. काही बोर्डांत एखादं भोक मुद्दाम बॉडीला जोडलेलं असतं, अर्थिंगसाठी. त्या भोकाभोवती उघडी, कथील लावलेली चकचकीत रिंग असते, कधी अर्थिंगची खूण छापलेली असते. बोर्डाच्या अर्थ टर्मिनलपासून त्या रिंगपर्यंत मीटरने कंटिन्यूइटी बघा. आली, तर तिथे नायलॉनचा वॉशर घालू नका. घातलात तर बोर्डावरचा फिल्टर अधांतरी राहतो, आणि मग ड्राइव्ह नसते फॉल्ट दाखवते किंवा बॉडीला हलकी झिणझिणी येते. सगळी भोकं इन्सुलेट केली म्हणजे काम चोख झालं, असं नाही.

शीट बोर्डापेक्षा चारी बाजूंनी किमान दहा मिलिमीटर मोठी कापा आणि कडा वर वळवा. खालची कड मात्र सपाट सोडा, नाहीतर पेटीच्या भिंतीवरून ओघळलेलं पाणी वाटीसारखं साचतं. बोर्ड आडवा बसवण्यापेक्षा उभा बसवा. रुई आडव्यावर बसते, उभ्यावरून खाली पडते.

उष्णतेचं गणितही विसरू नका. एलईडीचा अॅल्युमिनियमचा बोर्ड, किंवा पत्र्याला टेकवून थंड राहणारा ट्रान्झिस्टर, यांच्याखाली मिलीनेक्स घातलं तर शॉर्ट टळेल आणि उष्णतेने माल जाईल. तिथे अभ्रकाचा पातळ वॉशर दोन्ही बाजूंना पेस्ट लावून, नाहीतर सिलिकॉनचं पॅड घालतात. अभ्रक वीज अडवतं, उष्णता बऱ्यापैकी जाऊ देतं, आणि ओल धरत नाही. जुना वॉशर चिरला असेल तर पुन्हा लावू नका. चिरेत पेस्ट शिरून रेघ दिसेनाशी होते, करंटला मात्र ती सापडते. स्क्रूसाठीही वेगळा इन्सुलेटिंग बुश लागतो. तो विसरला, तर वॉशर घालून काही उपयोग झाला नाही.

चिकटवण्यासाठी सिलिकॉन वापरत असाल तर ट्यूब उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती खिडक्यांसाठी ठेवा. त्यातलं ॲसिड तांबं खातं. बोर्डासाठी "न्यूट्रल" लिहिलेली घ्या. जुन्या बोर्डावर कॅपॅसिटर धरून ठेवणारा गोंद तपकिरी, कडक झालेला दिसला तर सांभाळून खरवडून काढा. उष्णतेने जुना झाला की तो स्वतःच करंट नेऊ लागतो. दिसायला साधा, पण त्याने पाडलेले पॉवर सप्लाय मी बरेच बघितले आहेत.

शीट घातल्यावरही सोल्डरच्या बाजूला वार्निशसारखं कोटिंग मारलं तर फारच चांगलं, विशेषतः सायझिंगजवळच्या पेटीत. आधी बोर्ड आयपीएने, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलने, धुवून पूर्ण वाळवा, नाहीतर कचरा आणि ओल तुम्हीच आत कोंडाल. कनेक्टर, रिले, प्रीसेट आणि हीट सिंकवर कोटिंग जाऊ देऊ नका.

हे सगळं करण्याआधी लाइन बंद, प्लग बाहेर. ड्राइव्ह असेल तर दहा मिनिटं थांबा आणि मग मोठ्या कॅपॅसिटरवर डीसी व्होल्ट मोजून बघा. दहा मिनिटं झाली म्हणून उतरले असतील, असं धरू नका. एखादा रेझिस्टर गेलेला असला तर व्होल्ट तासभरही राहतात.

बसवून झालं की लाइन देण्याआधी मीटर ओहमवर ठेवून एक काडी बॉडीला लावा, दुसरी बोर्डाच्या फेज, न्यूट्रल आणि डीसीच्या टर्मिनलला एकामागून एक. हे करताना दुसऱ्या हाताने लाकडी काडीने बोर्डाचा प्रत्येक कोपरा दाबा. टेबलावर चांगला असलेला बोर्ड मागाच्या हादऱ्यात वाकतो, तेव्हाची स्थिती अशी आधीच दिसते. काटा किंवा आकडा हलला तर तिथली पिन पत्र्याला भिडते आहे. मेगर लावायचा मोह होईल. बोर्ड जोडलेला असताना ५०० व्होल्टचा मेगर लावाल तर आयसी जातील.

त्यानंतर सिरीज लॅम्प. १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब. एलईडी बल्ब इथे चालत नाही. बोर्डाची फेज त्यातून द्या. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला, तर कॅपॅसिटर भरला आणि सगळं ठीक. लख्ख पेटून तसाच राहिला, तर कुठेतरी शॉर्ट आहे. बल्ब मध्ये असल्यामुळे मात्र फ्यूज उडत नाही आणि ट्रॅक जळत नाही. तारेचे बल्ब आता दुकानात कमी मिळतात. दोन-तीन घेऊन ठेवा. थ्री फेज ड्राइव्हवर ही युक्ती करू नका.

आणि साफसफाई. दर आठवड्याला कारखान्यात कॉम्प्रेसरची हवा मारतात. त्या हवेच्या झोताने वरची रुई बोर्डाखाली, नेमकी शीटवर जाऊन बसते. टाकीतलं पाणीही हवेबरोबर येतं. पेटीत हवा मारू नका. मऊ ब्रश आणि व्हॅक्यूम वापरा, पेटीचं दार बंद राहील एवढा रबर नीट ठेवा, आणि मेअखेर एकदा प्रत्येक पेटी उघडून शीटची पाठ कोरड्या कापडाने पुसा. पुसताना तपकिरी डाग दिसला तर शीट त्याच दिवशी बदला.

कोनच्या खोक्याचा पुठ्ठा मी अजूनही जपून ठेवतो, पण वेगळ्या कामासाठी. नवा बोर्ड आला की तो पुठ्ठ्यावर ठेवून कड आखतो, स्क्रूची भोकं पाडतो, अर्थिंगच्या भोकावर लाल खूण करतो, मागाचा नंबर लिहितो आणि तो नमुना खिळ्याला टांगतो. पुढच्या वेळी मिलीनेक्स त्यावर ठेवून पाच मिनिटांत शीट कापून होते.